लॅपटॉपची खरेदी : आकडे कसे वाचावेत, हमी कशी तपासावी

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या बाजारपेठांत संगणकाच्या दुकानांपुढे गर्दी वाढू लागते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी लॅपटॉप हवा असतो. शिक्षकांनाही प्रश्नपत्रिका मराठीत टंकलिखित करायच्या असतात, 'युडायस प्लस'वर शाळेची माहिती भरायची असते, वर्गात प्रोजेक्टर लावून एखादा प्रयोग दाखवायचा असतो. अनेक घरांत या एका वस्तूसाठी महिन्याभराची किंवा त्याहूनही जास्त कमाई खर्ची पडते. आणि निर्णय मात्र बऱ्याचदा दुकानदाराने पुढे केलेल्या चिठ्ठीवरच्या चार आकड्यांवरून, दहा मिनिटांत घेतला जातो.

आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच प्रयोगाच्या तासाला सांगतो की, नुसत्या संख्येला मापन म्हणत नाहीत. तिचे एकक कोणते, ती कोणत्या परिस्थितीत मोजली आणि तिच्यात काय धरलेले नाही, हे कळल्यावरच तिला अर्थ येतो. लॅपटॉपच्या खोक्यावरच्या आकड्यांना आणि त्याबरोबर मिळणाऱ्या हमीपत्रालाही हाच नियम लावून पाहू.

प्रोसेसर : नावातला कोणता आकडा महत्त्वाचा?

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणन करणारा भाग. 'आय-५ आहे' किंवा 'रायझेन ५ आहे' एवढेच सांगितले जाते. परंतु हे मालिकेचे नाव झाले. 'आठवीचे पुस्तक' म्हटल्याने ते कोणत्या साली छापलेले आहे हे कळत नाही, तसेच हे आहे.

एएमडी कंपनीच्या २०२३ सालच्या मालिकेतील तीन प्रोसेसर उदाहरणादाखल घेऊ : रायझेन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू. तिन्हींच्या नावात 'रायझेन ५' आहे आणि तिन्ही आकडे ७५ने सुरू होतात. पण या पद्धतीत तिसरा अंक आतील रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये 'झेन २' ही रचना आहे. ती प्रथम बाजारात आली २०१९ साली, आणि या प्रोसेसरमध्ये गणन करणारे गाभे चार आहेत. ७५४०यू मध्ये २०२२ साली आलेली 'झेन ४' रचना असून गाभे सहा आहेत. नाव जवळजवळ एकच, पण यंत्रे वेगळी. इतर कंपन्यांच्या नावांतही असेच पिढीदर्शक अंक असतात. म्हणून दुकानदाराकडून प्रोसेसरचे संपूर्ण नाव, सगळ्या अंक-अक्षरांसह लिहून घ्यावे आणि घरी येऊन त्याची माहिती पाहावी.

शेवटचे अक्षरही वाचण्यासारखे असते. 'यू' असलेले प्रोसेसर साधारणपणे १५ वॅटच्या आसपास शक्ती वापरण्यासाठी आखलेले असतात, तर 'एच' असलेले ४५ वॅटच्या आसपास. विजेचा हा प्रत्येक वॅट शेवटी उष्णतेतच रूपांतरित होतो. ती उष्णता बाहेर टाकायला मोठा पंखा, जाड पेटी आणि मोठी बॅटरी लागते. लेखन, तक्ते, इंटरनेट, चित्रफिती आणि शाळेतील प्रोग्रॅमिंग यांसाठी 'यू' पुरेसा असतो. अभियांत्रिकीची रेखाटने किंवा चित्रफितींचे संपादन रोजचे असेल तरच 'एच'चे वजन आणि उष्णता सोसण्यात अर्थ आहे.

मेमरी आणि साठवण

रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि साठवण, म्हणजे आजची एसएसडी, हे कपाट. टेबल लहान असेल तर प्रत्येक कागदासाठी उठून कपाटाकडे जावे लागते आणि काम रेंगाळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची मेमरी प्रत्येकी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती, म्हणजे सुमारे १० हजार बाइट. आजचा ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप तिच्या सुमारे आठ लाख पट मेमरी बाळगतो आणि तरीही ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्या की अडखळतो. चित्र काढणारा भाग प्रोसेसरमध्येच असेल तर तो याच ८ जीबीतला काही हिस्सा वापरतो. म्हणून पाच-सहा वर्षे वापरायच्या यंत्रात १६ जीबी असणे बरे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की रॅम पुढे वाढवता येईल का? काही लॅपटॉपमध्ये ती खाचेत बसवलेली असते, तर काहींत मुख्य पट्टीवर कायमची डाख दिलेली असते. दुसऱ्या प्रकारात आज घेतले तेवढेच शेवटपर्यंत. खाच असेल तर आज ८ जीबी घेऊन पुढे भर घालता येते. हा फरक खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला नसतो, तो विचारूनच घ्यावा लागतो.

साठवणीच्या आकड्याबाबत एक तक्रार हमखास येते : '५१२ जीबी सांगितले, संगणक ४७६च दाखवतो, फसवणूक झाली.' फसवणूक नाही, एककांतला फरक आहे. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, यालाच १ जीबी म्हणते. ५१२ अब्ज… म्हणजे ५१२ गुणिले १०० कोटी याला त्या संख्येने भागले की ४७६.८ येतात. घातांक शिकवताना वर्गात देण्यासारखे हे गणित आहे.

पडदा : कर्ण आणि क्षेत्रफळ

पडद्याचे माप कर्णाने दिले जाते. पण कर्ण सारखा असला तरी बाजूंचे गुणोत्तर बदलले की क्षेत्रफळ बदलते. १४ इंची पडदा १६:९ या गुणोत्तराचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस इंच भरते आणि १६:१० असेल तर सुमारे ८८. पायथागोरसच्या प्रमेयाने हे कोणीही पडताळू शकेल. लांबलचक मजकूर वाचणाऱ्याला १६:१० चा पडदा सोयीचा, कारण एका वेळी जास्त ओळी दिसतात.

ठिपक्यांची संख्या १३६६ गुणिले ७६८ असेल तर एकूण ठिपके साडेदहा लाख होतात. १९२० गुणिले १०८० असेल तर वीस लाखांहून जास्त. देवनागरी लिहिणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. वेलांट्या, रफार, 'द्ध', 'द्व', 'ष्ट्य' अशी जोडाक्षरे थोड्या ठिपक्यांत गिचमिड होतात. म्हणून दुकानात पडदा पाहताना इंग्रजी जाहिरात न पाहता बारीक टाइपातला मराठी मजकूर उघडून पाहावा. उजेडाचे माप 'निट'मध्ये असते. एक निट म्हणजे एका चौरस मीटरला एक कँडेला. खिडक्या असलेल्या वर्गात २५० निटचा पडदा फिका वाटतो, ३०० किंवा अधिक असलेला बरा. शाळेचा प्रोजेक्टर जोडायचा असेल तर एचडीएमआयची खाच आहे की नाही तेही पाहून घ्यावे.

बॅटरी : तास कोणाचे?

'दहा तासांची बॅटरी' हा सर्वांत फसवा आकडा. तास हे बॅटरीचे माप नाहीच. बॅटरीत किती ऊर्जा मावते याचे माप वॅट-तास हे आहे आणि ते बॅटरीवर किंवा तपशीलपत्रकात छापलेले असते. ११.४ व्होल्ट आणि ३.६ अँपिअर-तास असे लिहिले असेल तर गुणाकार करून ४१ वॅट-तास मिळतात. आता लॅपटॉप लेखनाच्या कामात ७ वॅट घेत असेल, तर ही बॅटरी सुमारे सहा तास पुरेल. दृक्श्राव्य तासिका घेताना १४ वॅट घेत असेल, तर तीन तास. जाहिरातीतले दहा तास अनेकदा पडदा मंद ठेवून, एकच चित्रफीत चालवून मोजलेले असतात. दोन लॅपटॉपांची तुलना करताना म्हणून तास बाजूला ठेवून वॅट-तास पाहावेत.

लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, तशीच ती नुसती उष्णतेत आणि पूर्ण भारित अवस्थेत राहिल्यानेही झिजते. लॅपटॉप कायम विजेला जोडूनच वापरायचा असेल तर भारण ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, ती चालू करावी.

तपशीलपत्रकातील शेवटची ओळ

प्रत्येक लॅपटॉपच्या सविस्तर तपशीलपत्रकात, अगदी खाली, 'वापराचे वातावरण' अशी एक नोंद असते. ती क्वचितच कोणी वाचते. बहुतेक उत्पादक तेथे वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस देतात आणि आर्द्रतेची मर्यादा देताना 'बाष्पाचे पाणी न होता' अशी अट घालतात. ठाणे-कल्याण पट्ट्यात राहणाऱ्याने ही ओळ सर्वांत आधी वाचायला हवी.

तापमानाचे पाहा. एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावरचे वारे आत पोचायला उशीर झाला की कल्याण-डोंबिवलीत पारा काही दिवस चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत, गादीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपच्या झरोक्यांतून हवा नीट जात नाही. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. महागडा प्रोसेसर घेऊन स्वस्तातल्याचा वेग मिळण्याचे हे एक कारण. लाकडी पाटावर ठेवून वापरल्यास हवा खेळती राहते.

आर्द्रतेचे गणित पावसाळ्यात येते. हवेचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर बाष्पाचे पाणी होणार. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर डिसेंबर २०२० पासून वातानुकूलित लोकल धावू लागल्या. अशा डब्यातून जुलै महिन्यात कल्याणच्या फलाटावर उतरले की चष्म्यावर धुके धरते, ते याच कारणाने. चष्म्याबरोबर पिशवीतला लॅपटॉपही थंड झालेला असतो. तो लगेच बाहेर काढून चालू केला तर पट्टीवर दव धरू शकते. पिशवी न उघडता तो अर्धा तास तसाच राहू द्यावा. तोपर्यंत तो बाहेरच्या तापमानाला येतो.

तिसरी गोष्ट गंधकयुक्त वायूंची. घरातील चांदीची भांडी लवकर काळी पडत असतील तर हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू आहेत असे समजावे. औद्योगिक वसाहतीच्या किंवा सांडपाण्याच्या नाल्याच्या शेजारी हे घडते. जी रासायनिक क्रिया चांदीच्या वाटीवर होते तीच लॅपटॉपच्या पट्टीवरील तांब्या-चांदीवरही होते. दमट हवेत ती आणखी वेगाने होते. अशा ठिकाणी पावसाळ्यात लॅपटॉप उघड्या खिडकीशी ठेवू नये, आणि आठवडेच्या आठवडे बंदही ठेवू नये. चालू यंत्राच्या उबेने ओल धरत नाही.

आणि चौथी गोष्ट गर्दीची. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने जाणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीवर चहूबाजूंनी दाब येतो. लॅपटॉपवर चार्जरची पेटी किंवा डबा टेकलेला असेल तर तो दाब एका बिंदूवर एकवटतो. बल तेच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. आणि पडद्याची काच तडकते. रोज लोकलने नेणाऱ्याने १५.६ इंचीपेक्षा १४ इंची, हलका आणि ताठ झाकणाचा लॅपटॉप निवडावा, चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवावा.

हमी कशाची असते?

आता हमीपत्र उघडू. साधारणपणे एक वर्षाची, काही मॉडेलांना दोन किंवा तीन वर्षांची हमी असते. ती कशाची? सामग्रीतील आणि जोडणीतील दोषांची. जे वगळलेले असते त्याची यादी पुढे येते : पाणी वा अन्य द्रव जाणे, पडणे, पडद्यावर दाब येऊन काच फुटणे, गंज, विजेच्या दाबातील चढउतार, कीटक-उंदीर, पूर आणि अन्य नैसर्गिक आपत्ती. वर सांगितलेल्या चार गोष्टी आठवून ही यादी पुन्हा वाचावी. आपल्या भागात लॅपटॉपला जे धोके खरोखर आहेत, त्यांतले बहुतेक साध्या हमीच्या बाहेर आहेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूर परिसरातील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा पाण्यात भिजलेले यंत्र 'हमीत बसत नाही' असेच उत्तर मिळते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही हमीत नसते, ती म्हणजे आपली माहिती. यंत्र बदलून मिळाले तरी दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि मुलाचा प्रकल्प परत मिळत नाही. त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हाच उपाय.

यंत्रे बिघडण्याचा वेग काळाबरोबर कसा बदलतो याचा आलेख अभियंते काढतात. त्याचा आकार न्हाणीतल्या टबाच्या उभ्या छेदासारखा असतो : सुरुवातीला उंच, मधे सपाट, शेवटी पुन्हा चढता. सुरुवातीचे बिघाड निर्मितीतल्या दोषांमुळे होतात, मधले अपघाताने, शेवटचे झिजेने. साधी हमी पहिल्या उतारासाठी आहे. म्हणून नवा लॅपटॉप खोक्यात जपून ठेवू नये. पहिल्या आठवड्यातच त्याच्याकडून भरपूर काम करून घ्यावे, सगळ्या खाचा, कॅमेरा, कळफलक, ध्वनी तपासावेत. दोष असेल तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीत उघडा पडलेला बरा.

वाढीव हमी घ्यावी का?

विक्रेता वाढीव हमी घेण्याचा आग्रह धरतो. येथे संभाव्यतेचे सोपे गणित मदतीला येते. समजा, दोन वर्षांच्या वाढीव हमीचे ४,००० रुपये पडतात आणि मुख्य पट्टी बदलण्याचा खर्च १६,००० रुपये आहे. तर त्या दोन वर्षांत असा बिघाड होण्याची शक्यता चारात एक असेल तेव्हा सौदा बरोबरीत सुटतो. शक्यता त्याहून कमी असेल तर सरासरीने विक्रेत्याचा फायदा. आणि विक्रेता तोट्यात जाण्यासाठी किंमत ठरवत नाही, हे उघड आहे.

मग घेऊच नये का? तसेही नाही. सरासरी ही हजार ग्राहकांची असते, बिघाड मात्र एका घरात होतो. सोळा हजारांचा खर्च अचानक आला तर जे घर तो सहज सोसू शकते, त्याने वाढीव हमी न घेता ते पैसे बाजूला ठेवावेत. ज्या घरात एकच यंत्र आहे, मुलाचे सारे शिक्षण त्यावर अवलंबून आहे आणि असा खर्च झेपणार नाही, त्याला हमी हा विमा म्हणून योग्य ठरतो. फक्त दोन प्रकारांत गल्लत होऊ देऊ नये. 'मुदतवाढ' म्हणजे तीच हमी, त्याच वगळणुकांसह, आणखी काही वर्षे. 'अपघाती नुकसानीचे संरक्षण' ही वेगळी वस्तू; तिच्यात पडणे, पाणी सांडणे, काच फुटणे येते. रोज लोकलने प्रवास करणाऱ्याला पहिलीपेक्षा दुसरी अधिक उपयोगी. ती कंपनीची आहे की दुकानाने तिसऱ्याच संस्थेची विकली आहे, वर्षातून किती वेळा वापरता येते आणि दर वेळी ग्राहकाने किती भरायचे, हे लेखी घ्यावे. बॅटरीची हमी यंत्राची मुदत वाढवली तरी बहुधा एकच वर्ष राहते, हेही विचारावे.

'घरपोच सेवा' हा शब्दही तपासावा. ती पिन कोडप्रमाणे ठरते. ठाणे शहराचे पिन कोड ४०० ने सुरू होतात, कल्याण-डोंबिवलीचे ४२१ ने. ठाण्यात मिळणारी सेवा आपल्या पिन कोडला आहे का, आणि नसेल तर सेवा केंद्र किती स्थानके दूर आहे, हे खरेदीपूर्वी कंपनीच्या क्रमांकावर विचारून घ्यावे. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या लॅपटॉपची हमी भारतात चालेलच असे नाही.

बिल, कायदा आणि मुदत

जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हमी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते पाहावे. बिलाच्या तारखेशी जुळत नसेल तर लगेच दुरुस्त करून घ्यावे. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघावे. जुना, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ चालणार नाही असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी जपून घ्यावे.

हमीत बसणारा दोष असूनही दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार कोठे करायची हे मुख्यतः विक्रेत्याच्या ठिकाणावर किंवा घटनेच्या जागेवर ठरत असे. नव्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. डोंबिवलीतील ग्राहकाने बंगळुरूच्या विक्रेत्याकडून संगणकावरून मागवलेल्या वस्तूबद्दल ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. मात्र कायदाही हमीपत्र, बिल आणि पत्रव्यवहार मागतो. म्हणून दुकानदाराचे तोंडी आश्वासन बिलावर एका ओळीत लिहून घेण्याची सवय ठेवावी.

वर्गात करण्यासाठी

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. कोणत्याही दोन लॅपटॉपांची तपशीलपत्रके आणि हमीपत्रे मिळवून तीन रकाने करावेत : दिलेला आकडा, त्याचे एकक व अट, आणि न सांगितलेली गोष्ट. चार्जरवरील २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर यांवरून वॅट काढावेत, पडद्याचे क्षेत्रफळ काढावे, जीबीचे रूपांतर करावे. स्टीलच्या पेल्यात थंड पाणी घेऊन हळूहळू बर्फ घालत दवबिंदू मोजावा आणि त्या दिवशी थंड लॅपटॉप बाहेर काढणे सुरक्षित होते का ते ठरवावे. सर्वांत शेवटी हमीपत्रातील वगळणुकांची यादी वाचून, त्यांतल्या कोणत्या गोष्टी आपल्या घरात आणि आपल्या रोजच्या प्रवासात घडू शकतात, त्यांवर खूण करावी. तिसरा रकाना आणि या खुणा भरून झाल्या की कोणता लॅपटॉप घ्यायचा, हे त्या घराला बहुतेक वेळा दुकानात जाण्याआधीच कळलेले असते.